लोखंडी वाघ

वाघ म्हटलें तरी खातो आणि वाघोबा म्हटलें तरी खातो, असें आपल्याकडे एक जुनें वचन आहे. बलाढ्यापुढें नम्रतेचा कांहीं उपयोग होत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ लोक करितात. परंतु वाघाला काय म्हणावें या विवंचनेंत पडलेला मनुष्य वाघाच्या अगदीं तोंडासमोर उभा आहे, ही गोष्ट त्या वचनांत गृहीतच धरलेली असते, आणि तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. त्या बिचाऱ्यानें आधीं समोरून बाजूला व्हावें, हा एकच सल्ला त्याच्या खऱ्या उपयोगाचा होता. आणि तोच नेमका त्याला कोणी दिलेला नाहीं. रानांतल्या वाघाविषयीं आम्हांस अनुभव नाहीं. परंतु ५७ टन वजनाच्या एका लोखंडी वाघाशीं आमची पुष्कळ दिवसांची ओळख आहे, आणि त्याच्याविषयीं चार शब्द लिहावे असें मनांत आहे.

दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांनीं जो जड रणगाडा रणांत उतरविला त्याचें नांवच मुळीं ‘टायगर’ असें होतें. पुढें १९४४ सालीं त्याचा थोरला भाऊ ‘किंग टायगर’ आला. तो सुमारें ७० टनांचा. युद्ध संपून ऐंशीं वर्षें होऊन गेलीं आणि हे वाघ आतां थोड्याशा संग्रहालयांतून उरले आहेत. पण संगणकाच्या पडद्यावर ते अद्यापि रोज गुरगुरत फिरत असतात. ‘कंपनी ऑफ हीरोज’ नांवाचा एक युद्धखेळ कॅनडांतील रेलिक या संस्थेनें २००६ सालीं काढला. त्यांत १९४४ सालची नॉर्मंडी आहे, आणि अमेरिकन व जर्मन सेना एकमेकींसमोर उभ्या आहेत. त्याचा दुसरा भाग २०१३ सालीं निघाला, त्यांत रशियाची आघाडी आली. तिसरा २०२३ सालीं निघाला, त्यांत इटली व उत्तर आफ्रिका आली. हा खेळ आम्ही आमच्या भाच्याच्या जोडीनें, दोघेहि एकाच पक्षाचे होऊन, गेलीं कित्येक वर्षें रविवारच्या दुपारीं खेळत आलों आहों. पिकल्या केसांच्या मनुष्यानें असल्या पोरखेळांत वेळ घालवावा हें ज्यांस रुचणार नाहीं, त्यांस आम्ही एवढेंच विचारतों कीं, लांकडाच्या हत्तीउंटांची लढाई लावण्यांत आमच्या आजोबांचें वार्धक्य गेलें, त्यांस आपण कधीं हंसलों काय?

या खेळाची रीत बुद्धिबळाहून निराळी आहे. येथें आळीपाळीनें खेळावयाचें नसतें. दोन्ही पक्षांचीं माणसें एकाच वेळीं धांवत असतात. सारा मुलूख लहान लहान टापूंत वांटलेला असतो. जो टापू आपण घ्यावा त्यांतून आपल्याला मनुष्यबळ, दारूगोळा आणि इंधन या तीन प्रकारच्या भांडवलांपैकीं कांहीं मिळूं लागतें. मात्र तो टापू आपल्या मुख्य ठाण्याशीं सलग जोडलेला असला पाहिजे. मधला एखादा दुवा शत्रूनें तोडला कीं पलीकडचें सारें उत्पन्न बंद! या भांडवलांतून शिपाई, तोफा व रणगाडे उभे करावयाचे. खेळ बराच पुढें गेला, दोन्ही पक्ष जरा थकले, म्हणजे जर्मनांच्या बाजूनें तो जड घरघराट ऐकूं येतो आणि पडद्याच्या कडेवर टायगरची चौकोनी आकृति दिसूं लागते.

त्या क्षणीं नवशिका खेळाडू ठराविक गोष्ट करितो. जवळ असतील नसतील तेवढ्या तोफा, शिपाई आणि शर्मन रणगाडे गोळा करून तो टायगरच्या तोंडावर नेऊन उभे करितो. पांच जण मिळून एकाला मारूं, हा त्याचा हिशेब. परंतु टायगरच्या पुढच्या बाजूचें चिलखत १०० मिलिमीटर जाडीचें होतें आणि त्याची तोफ ८८ मिलिमीटरची होती. समोरून मारलेले गोळे टणकन् आपटून उडून जातात, आणि उत्तरादाखल आलेला एकेक गोळा एकेक रणगाडा घेऊन जातो. पांचांचे चार होतात, चारांचे दोन होतात. आणि बेरजेच्या भरंवशावर गेलेल्या खेळाडूच्या हातीं वजाबाकी येते.

तेव्हां पहिला नियम हा कीं, वाघाच्या तोंडाकडे फक्त एकानेंच पाहावें, आणि तेंहि दुरून. दोघे खेळत असतां हें फार सोपें जातें. आमच्यापैकीं एक जण आपली तोफ एखाद्या भिंतीच्या किंवा कुंपणाच्या आडोशाला लावून वाघाला तोंड देतो. त्यानें जिंकावें अशी अपेक्षा नसते, केवळ वाघाचें तोंड आपल्याकडे वळवून ठेवावें एवढेंच त्याचें काम. दुसरा त्याच वेळीं आपले वेगवान रणगाडे लांबच्या वळणानें नेऊन वाघाच्या पाठीशीं उभे करितो. पहिल्या दोन खेळांच्या कर्त्यांनीं रणगाड्याच्या चिलखताचे पुढचें आणि मागचें असे दोनच विभाग कल्पिले आहेत, आणि मागचें पुष्कळच पातळ धरलें आहे. खऱ्या टायगरची गोष्ट याहून थोडी निराळी होती हें येथें सांगितलें पाहिजे. त्याच्या पाठीचें व कुशीच्या वरच्या भागाचें चिलखत ८० मिलिमीटरचें होतें. म्हणजे पाठीमागें गेलें कीं काम फत्ते, इतका तो वाघ भोळा नव्हता. तरीहि १०० आणि ८० यांच्यामधील अंतर कित्येकांच्या जन्ममरणाचें अंतर ठरलें, आणि समोरून न जातां कुशींत शिरावें हा धडा त्या वेळच्या रणगाडेवाल्यांनींहि गिरविला होता.

पण चतुर शत्रु आपली पाठ सहजासहजीं दाखवीत नाहीं. संकट दिसलें कीं तो तोंड आपल्याकडेच ठेवून उलट्या चालीनें मागें सरतो, आपल्या कारागिरांकडून डागडुजी करवून घेतो, आणि थोड्या वेळानें पुन्हां ताजातवाना होऊन येतो. म्हणून दुसरा नियम असा कीं, वाघ मारण्याच्या आधीं त्याचे पाय धरावे. ज्या वाटेनें तो परतण्याचा संभव आहे तेथें आगाऊ सुरुंग पेरून ठेवावे. अमेरिकन शिपायांजवळ एक प्रकारचे चिकट बाँब असतात. ते रणगाड्याच्या अंगास डकवून पळावें. रशियन शिपायांजवळ हातानें फेंकावयाचे बाँब असतात. यांपैकीं कशानेंहि वाघ मरत नाहीं, पण त्याचें इंजिन दुखावतें. आणि इंजिन दुखावलेला टायगर म्हणजे वाटेवर पडलेला एक बुरूज. त्याची तोफ भयंकर खरी, पण तिच्या माऱ्यांत जावयाचें कीं नाहीं हें आतां आपण ठरवावयाचें.

हा नियम खेळांतल्याप्रमाणेंच इतिहासांतहि खरा ठरला आहे. टायगर प्रथम रणांत उतरला तो १९४२ च्या ऑगस्टच्या अखेरीस, लेनिनग्राडजवळील दलदलीच्या मुलुखांत. आणि पहिल्याच खेपेस शत्रूच्या गोळ्यांपेक्षां चिखलानें व स्वतःच्या यंत्रांच्या बिघाडानें त्याला अधिक छळलें. १९४४ च्या जूनच्या १३ तारखेस नॉर्मंडींतील व्हिलेर-बोकाज या गांवीं मिखाएल व्हिटमान या जर्मन अधिकाऱ्यानें टायगर घेऊन ब्रिटिशांच्या तुकडीचा जो धुव्वा उडविला, त्याचें वर्णन युद्धाच्या पुस्तकांतून मोठ्या चवीनें केलेलें असतें. त्याच दिवसाचा उत्तरार्ध मात्र पुष्कळांच्या लक्षांत राहत नाहीं. त्याच गांवांत एका ब्रिटिश तोफेनें व्हिटमानचा रणगाडा जागच्या जागीं पांगळा केला आणि त्या वीरास पायीं परत जावें लागलें. दुपारीं पुरेशा पायदळाच्या सोबतीवांचून गांवांत शिरलेले दुसरे कित्येक जर्मन रणगाडे गल्लींच्या तोंडाशीं दबा धरून बसलेल्या ब्रिटिशांनीं टिपून काढले. उघड्या मैदानांत जो मैलभर अंतरावरून राज्य करितो, त्यालाच गल्लींत दहा पावलांवरचा मनुष्य दिसत नाहीं.

तिसरा नियम सर्वांत कंटाळवाणा, आणि म्हणूनच सर्वांत मोलाचा आहे. तो असा कीं, वाघाची शिकार वाघ येण्याच्या आधींच सुरू करावी. दुसऱ्या खेळांत जड रणगाडा बोलाविण्यास इंधनाचा मोठा सांठा लागतो. खेळाच्या पहिल्या दहा मिनिटांत, जेव्हां रणांगणावर नुसते शिपाईच धांवत असतात, तेव्हां शत्रूच्या इंधनाच्या टापूंवर जो सतत घिरट्या घालतो, मधला दुवा वारंवार तोडतो, तो वास्तविक टायगरशींच लढत असतो. फक्त टायगर अजून जन्मास आलेला नसतो. पाहणाराला यांत कांहींच शौर्य दिसत नाहीं. आमच्या भाच्याला हें काम मुळींच आवडत नसे. “मामा, तुम्ही नुसते कुंपणांमागून लपतछपत फिरतां, लढाई कधीं करणार?” असें तो म्हणे. पुढें एकदां शत्रूचा वाघ नेहमींपेक्षां बराच उशिरां आला, आणि तोंवर त्याच्या स्वागताची आमची सारी सिद्धता झालेली होती. तेव्हांपासून कुंपणामागें आम्ही दोघेहि असतों.

जर्मनांच्या पडत्या काळाचा विचार केला म्हणजे या नियमाची सत्यता अधिकच पटते. किंग टायगरला ओढणारें इंजिन ७०० अश्वशक्तीचें होतें, आणि सुमारें ४५ टनांच्या पँथर रणगाड्यालाहि तेवढ्याच शक्तीचें इंजिन होतें. म्हणजे बैल तोच, आणि गाडींत भार मात्र दीडपट! अशा गाडीला पेट्रोल किती लागत असेल, आणि तिचीं यंत्रें किती दिवस टिकत असतील, हें सांगावयास नकोच. १९४४ च्या डिसेंबरांत बेल्जियममध्यें जर्मनांनीं जी शेवटची मोठी चढाई केली, तींत योआखिम पायपर याची तुकडी ला ग्लेझ या खेड्यापर्यंत येऊन अडकली. इंधन संपलें, मागची वाट बंद झाली, आणि नाताळच्या आदल्या दिवशीं भल्या पहाटे सुमारें ८०० माणसें रणगाडे आणि गाड्या तशाच टाकून बर्फांतून पायीं निघून गेलीं. त्यांतलाच एक किंग टायगर त्या खेड्यांत अद्यापि उभा आहे.

असल्या प्रसंगीं मराठी वाचकाचें मन आपोआप स्वतःच्या इतिहासाकडे वळतें, तसें आमचेंहि वळलें. १७२८ सालीं पालखेड येथें पहिल्या बाजीरावानें निजामाच्या जंगी फौजेशीं समोरासमोर झुंज घेतली नाहीं. तिला दमवून, तिचें अन्नपाणी तोडून तिला शरण आणिलें. पुढें अवघ्या तेहतीस वर्षांनीं पानिपतावर जड तोफखाना, मोठा बाजारबुणगा आणि तुटलेली रसद हीं सारीं आपल्याच वांट्यास आलीं. तेव्हां हलकेपणाची विद्या कोणा एका जातीची किंवा देशाची मिरास नव्हे. आज जो वाघाच्या पाठीमागें आहे, तोच उद्यां स्वतः वाघ होऊन बसतो आणि आपल्या पाठीमागें कोणी येईल हें विसरून जातो.

येथपर्यंत नियम झाले. परंतु टायगरचें खरें बळ त्याच्या तोफेंत किती आणि त्याच्या नांवांत किती, हा प्रश्न उरतोच. सारे मिळून टायगर सुमारें १,३५० बांधले गेले, आणि किंग टायगर ५०० सुद्धां झाले नाहींत. उलट शर्मन सुमारें ४९,००० आणि रशियाचे टी-३४ पन्नास हजारांहून अधिक बांधले गेले. असें असूनहि नॉर्मंडींत दोस्तांच्या शिपायांस झाडाआडून दिसणारा प्रत्येक जर्मन रणगाडा टायगरच वाटत असे; पुष्कळदां तो साधा, मध्यम वजनाचा पँझर चार असे. भय हें असें वाघाची संख्या वाढवितें. खेळांतहि हेंच दिसतें. मात्र एक गंमत येथें उलटी आहे: भय वाघाच्या मालकालाहि असतें. पहिल्या खेळांत किंग टायगर उभ्या डावांत एकदांच बोलावितां येतो. इतकी मोलाची वस्तु हातीं आली कीं पुष्कळ खेळाडू लढाई विसरून तिलाच जपत बसतात. ती जाईल तिकडे सारें सैन्य जातें आणि बाकीचा मुलूख ओस पडतो. अशा वेळीं वाघ न मारतांहि डाव जिंकतां येतो. त्याला त्याच्या दिमाखांत फिरूं द्यावें आणि आपण इतरत्र घर बांधावें.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे येतों. दुसऱ्या खेळांत रशियनांच्या टी-३४ ला एक विशेष आज्ञा देतां येते. ती दिली म्हणजे तो रणगाडा पूर्ण वेगानें जाऊन शत्रूच्या रणगाड्यावर आदळतो. आदळणारा बहुतेक निकामी होतो, पण शत्रूहि खिळून बसतो, आणि मागून येणाऱ्या तोफा त्याचा निकाल लावितात. हिशेबानें पाहिलें तर हा सौदा उत्तम आहे. टी-३४ स्वस्त, टायगर महाग. एक देऊन एक घेतला तरी लाभ आपलाच. भाच्यानें ही युक्ति प्रथम केली तेव्हां आम्हींहि “शाबास!” म्हटलें. नंतर आम्ही त्याला सहज विचारलें, “त्या टी-३४ मध्यें माणसें किती असत रे?” तो म्हणाला, “चार. पण मामा, खेळांत तो नुसता आंकडा आहे. मनुष्यबळ कमी झालें, तें पुन्हां भरून येतें.”

त्याचें म्हणणें खेळापुरतें अगदीं बरोबर होतें, आणि आम्हीं त्याच्याशीं वाद घातला नाहीं. परंतु ‘मनुष्यबळ’ हा शब्द तेव्हांपासून आम्हांस सुखानें वाचवत नाहीं. तो शब्द कांहीं खेळाच्या कर्त्यांनीं निर्माण केलेला नव्हे. सरकारी कागदांतून तो खऱ्या युद्धांतहि असाच वापरला जात होता, आणि त्या आंकड्यांत आपलींहि माणसें होतीं. ज्या इटलींत तिसरा खेळ घडतो, तेथेंच मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे १९४४ च्या जुलैच्या १० तारखेस पडले. हाताखालच्या तुकडींतील सारे सोबती मेले किंवा जखमी झाले असतां ते एकटे शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर धांवून गेले, तें त्यांनीं निकामी केलें, आणि मग गोळी लागून तेथेंच कोसळले. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यांत माणगांवास त्यांचा पुतळा आहे. कोणा सेनापतीच्या कागदावर त्या दिवशीं मनुष्यबळाचा आंकडा एकानें खालीं गेला असेल. २०१३ सालीं हा दुसरा खेळ निघाला तेव्हां रशियांत पुष्कळांस राग आला, आणि तेथील विक्री थांबविण्यांत आली. आपल्या सैन्याचें चित्र त्यांत अन्यायानें रंगविलें आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. त्या वादाचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. पण ज्यांचे आजे आणि पणजे त्या चौघांपैकीं एक होते, त्यांस हा आंकडा केवळ आंकडा वाटूं नये, यांत नवल तें कोणतें?

तेव्हांपासून आम्हीं आमच्यापुरता एक दंडक घातला. आपल्या पक्षानें ती आदळण्याची आज्ञा द्यावयाची नाहीं. भाचा आधीं कुरकुरला; मग त्याला त्यांत एक निराळीच चुरस वाटूं लागली. या दंडकामुळें आम्ही अधिक डाव हरतों, ही गोष्ट लपविण्यांत अर्थ नाहीं. ज्या वाघाला एका धडकेंत खिळवितां आलें असतें त्याच्यासाठीं आतां सुरुंग आधीं पेरावे लागतात, वाट आधीं हेरावी लागते, जखमी तुकडी वेळेवर मागें घ्यावी लागते. आमचा दंडक पाळून खऱ्या रणांगणावर कोणी जिंकला असता असाहि आमचा दावा नाहीं. घरांत शत्रु शिरला असतां लोकांस काय काय पणाला लावावें लागतें, हें खुर्चींत बसलेल्या मनुष्यानें त्यांस शिकवूं नये. परंतु ज्याला खुर्चींत बसण्याचें सुख लाभलें आहे त्यानें निदान स्वस्तांतला विजय आणि चांगला विजय यांतला भेद ओळखण्याची संवय ठेवावी, एवढें आम्हांस वाटतें. डावपेंच म्हणजे शत्रूला मारण्याची कला, असें पुष्कळ जण मानतात. आमच्या मतें आपलीं माणसें वांचविण्याची ती कला आहे. शत्रूचा पराभव हा तिचा परिणाम होय.

ट्यूनिशियांत १९४३ च्या एप्रिलमध्यें ब्रिटिशांच्या हातीं लागलेला एक टायगर इंग्लंडांत बोव्हिंग्टन येथील संग्रहालयांत आहे. तो दुरुस्त केलेला असून त्याला चालतांना पाहण्यासाठीं लोक दुरून येतात. त्याला जिंकणारी तोफ अवघ्या ५७ मिलिमीटरची होती. खेळांतील अमेरिकन शिपाई जी तोफ ओढीत नेतात तीहि त्याच मापाची. तिच्या गोळ्यानें त्याचें चिलखत फुटलें नाहीं. गोळा तोफेखालीं घसटून गेला आणि फिरत्या बुरुजाच्या सांध्यांत असा रुतला कीं बुरूज फिरेना. तेव्हां आंतले लोक रणगाडा सोडून निघून गेले. त्या माऱ्याच्या खुणा त्याच्या अंगावर अद्यापि आहेत. एवढ्या मोठ्या धुडावर त्या शोधाव्याच लागत असतील. आमच्या भाच्याला कधीं तिकडे जाण्याचा योग आला, तर त्यानें वाघाची तोफ पाहण्याच्या आधीं त्या खुणा शोधाव्या, एवढीच आमची इच्छा आहे.